काम हीच ओळख

संस्थेच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आता संगणकाच्या शिक्षणाकडे वळू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पदवी हाती आल्यावर त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. तो प्रश्न ओळखीचा आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांतील अनेक जागा आतल्या कर्मचाऱ्यांच्या शिफारशीने भरल्या जातात. कंपन्या मुलाखतींसाठी जातात त्या बहुधा नामांकित महाविद्यालयांत. ज्याच्या घराण्यातील कोणीही त्या इमारतीची पायरी चढलेले नाही, त्याचा अर्ज ढिगातच राहतो. आडनाव आणि गाव विचारून माणूस जोखण्याची रीतही अद्याप संपलेली नाही. अशा स्थितीत एका वाटेकडे आम्ही समाजाचे लक्ष वेधू इच्छितो. ती वाट म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधील काम, आणि त्याच क्षेत्रापुरती नोकरभरती करणारे विशेषज्ञ रिक्रूटर.

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येतो, ते ओपन सोर्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा सर्वांसाठी खुला केला. आज आपल्या हातातील अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. पालक विचारतात, वस्तू फुकट असेल तर पगार कोण देणार? उत्तर असे, की या व्यवसायातील कंपन्या सॉफ्टवेअर चालते, सुरक्षित आणि दुरुस्त ठेवण्याची हमी विकतात. पुण्यात कार्यालय असलेली रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. लिनक्सच्या गाभ्यात भर घालणारे बहुसंख्य लोक आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचे पगारी कर्मचारी आहेत.

या क्षेत्रातील कामाचा एक गुण आपल्या विद्यार्थ्यांसाठी फार मोलाचा आहे. धम्माला भगवान बुद्धांनी ‘एहिपस्सिको’ म्हटले. या आणि स्वतः पाहा. ओपन सोर्समधील कामही असेच उघड्यावर असते. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता बदल केला, त्यावर कोणते आक्षेप आले आणि त्याने ते कसे दूर केले, याची नोंद कायम राहते. नावावरून दुजाभाव करणारे येथेही भेटतील. पण खुल्या प्रकल्पात काम नाकारले गेले, तर त्याची कारणेही बहुधा चारचौघांत मांडावी लागतात. बंद खोलीतल्या मुलाखतीत तेवढीही सोय नसते.

हा दाखला वाचू शकणारा माणूस म्हणजे विशेषज्ञ रिक्रूटर. सर्वसाधारण नोकरभरती संस्था बहुधा अर्जातील पदवी, टक्केवारी आणि आधीच्या कंपनीचे नाव जुळवून पाहते. चांगला विशेषज्ञ रिक्रूटर उमेदवाराने कोणत्या प्रकल्पात काय केले आणि टीकेला कसे उत्तर दिले, हे पाहतो. प्रकल्प सांभाळणारी मंडळी त्याच्या परिचयाची असतात. कोणत्या कंपनीला कोणत्या कामासाठी माणूस हवा आहे आणि घरून काम करण्याची मुभा कोण देते, हेही त्याला ठाऊक असते. ज्याला ओळख नाही, त्याच्या कामाची ओळख तो करून देतो.

येथे पालकांना एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. खऱ्या रिक्रूटरला मोबदला कंपनी देते, तो बहुधा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांइतका असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करारही कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हेच तत्त्व सांगतो. नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्या दारातून परत फिरावे. त्यासाठी दागिने गहाण टाकू नयेत.

मात्र या वाटेची पहिली पायरी रिक्रूटर नव्हे. नवख्या मुलासाठी एवढा मोबदला कंपनी सहसा मोजत नाही. आधी दोन-तीन वर्षांचे दाखवण्याजोगे काम हवे. त्याची सुरुवात साधी असू शकते. लिब्रेऑफिस वा फायरफॉक्सच्या मराठी अनुवादात भर घालावी, सापडलेला दोष नीट लिहून कळवावा, माहितीपुस्तिका सुधारावी, मग लहान दुरुस्त्या हाती घ्याव्यात. गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून अशा कामाला मानधन देतो. आउटरीची हा उपक्रम तर भेदभाव सोसणाऱ्या आणि या क्षेत्रात अल्प संख्येने असलेल्या गटांसाठीच आहे. तेथे तीन महिने घरी राहून काम करता येते, मानधन ७,००० डॉलर असते आणि अर्जाच्या काळात प्रत्यक्ष केलेले काम पाहून निवड होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बिनपगारी राबण्याचा इतिहास आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच जोखडाविरुद्ध. मग आपल्या मुलांनी पुन्हा फुकट का राबावे? आमचे उत्तर असे, की येथे केलेले काम करणाऱ्याच्या नावावर राहते आणि त्याला पुढे घेऊन जाते. पण हे खरे ठरते ते पोट भरलेले असेल तरच. ज्याला महिन्याच्या एक तारखेला घरी पैसे पाठवायचे आहेत, त्याला ‘आधी वर्षभर काम दाखव’ असे सांगणे म्हणजे बंद दाराकडे बोट दाखवणे होय. सुखवस्तू घरातील मुलाला हे वर्ष वडिलांकडून मिळते. आपल्या मुलाला ते समाजाने दिले पाहिजे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, त्यामागचा विचार हाच होता. मुलाच्या बुद्धीत उणीव नव्हती; उणीव होती ती निवाऱ्याची, अन्नाची आणि निर्वेध वेळेची. आज ती उणीव पदवीनंतरच्या वर्षात पुन्हा उभी राहते आणि तेथे वसतिगृह नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन दरवर्षी किमान दोघांचा वर्षभराचा निर्वाह उचलावा. वापरातून गेलेले लॅपटॉप लिनक्स बसवून शाळेला द्यावेत. या व्यवसायात असलेल्यांनी आठवड्यातून एक तास मुलांचे काम तपासावे, इंग्रजीत आपली बाजू मांडायला शिकवावे आणि काम उभे राहिल्यावर विश्वासू रिक्रूटरशी गाठ घालून द्यावी.

सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गातील एक टप्पा आहे. ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवून त्यावर सन्मानाने जगणे ही त्या आजीविकेला साजेशी वाट आहे, असे आम्ही मानतो. स्मरणिका वाचून कपाटात जाण्यापूर्वी त्या दोन मुलांच्या वर्षाची तरतूद व्हावी, एवढीच अपेक्षा.

नमो बुद्धाय. जय भीम.