रेखाचित्र आणि परीक्षकाची फूटपट्टी

आपल्या कला महाविद्यालयांत रेखाचित्रांस गुण कसे द्यावे, हा प्रश्न बहुतेकांस सुटलेला वाटतो. कागद पुढें ठेवावा, प्रमाण, छायाप्रकाश, मांडणी व सफाई पाहावी, आंकडा घालावा आणि पुढचा कागद ओढावा! या रीतीवर आमचा आक्षेप असा कीं, तिच्यांत पाहणाऱ्या डोळ्याची परीक्षा होतच नाहीं. होते ती सरावलेल्या हाताची.

उदाहरणासाठीं लोणारला चला. बुलढाणा जिल्ह्यांतील हें विवर उल्कापातानें बेसाल्ट खडकांत झालेलें. व्यास सुमारें १.८ किलोमीटर. त्याच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे समोरची कड डोळ्याच्या पातळीवर येते आणि जवळजवळ सरळ रेषेसारखी दिसते. शंभराहून अधिक मीटर खालीं असलेल्या सरोवराचा कांठ मात्र चपट्या लंबवर्तुळासारखा दिसतो. दोन्ही वस्तुतः वाटोळींच. ज्या मुलानें हा फरक कागदावर उतरविला, त्याला दृष्टिपातळी म्हणजे काय तें कळलें. परंतु छापील चित्रांत हें विवर बहुधा विमानांतून टिपलेलें असतें, परातीसारखें गरगरीत. तें पाठ केलेला दुसरा मुलगा घरीं बसून सुबक परात काढील. पहिल्याच्या कागदावर पुसट, दोनदां दुरुस्त केलेल्या रेषा आणि कड्याची ओबडधोबड पट्टी. दुसऱ्याच्या कागदावर एकही डाग नाहीं. सफाईला भुलणारा परीक्षक यांपैकीं कोणाला वर बसवील, हें सांगावयास ज्योतिषी नको.

हा दोष महाविद्यालयांत उपजलेला नाहीं. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठीं स्मरणचित्राचे, संकल्पचित्राचे ठरीव सांचे मुलांकडून घोटून घेतले जातात. मडक्याचें तोंड लंबगोल काढावें हें मुलास ठाऊक असतें. कां, तें ठाऊक नसतें. या परीक्षांतील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, मग पालकांस तरी बोल कसा लावावा? मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. तिच्या आरंभींच्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची छाप होती, आणि तेथें नकलेच्या नेटकेपणाला मोठा मान होता. पुढें ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळीं, १९२० च्या सुमारास, जिवंत माणूस समोर बसवून रेखनाचा अभ्यास सुरू झाला. २०२३ मध्यें ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली. विद्यापीठाची पाटी लागली म्हणून कोठेंही तपासणीची रीत आपोआप बदलत नसते.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे : कला मोजतां येत नाहीं, तेव्हां गुणच नकोत. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. असें बोलणारा परीक्षक शेवटीं आपल्या आवडीनें निवड करतोच. टाळतो ती फक्त कारण सांगण्याची जबाबदारी. दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे. लोणारच्या शेतकऱ्याच्या मुलीला मुंबईंत कोणी ओळखत नाहीं. नांव झांकलेला कागद आणि आंकडा हेंच तिचें संरक्षण. खरें आहे, आणि तें काढून घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. नांव झांकलेलेंच असूं द्या. परंतु तिच्या पक्क्या चित्राबरोबर त्यामागचे कच्चे कागदही मागवा. दोन परीक्षकांनीं एकमेकांचे गुण न पाहतां आपापलें कारण दोन ओळींत लिहावें. खोडलेली रेषा सुधारणेची कीं गोंधळाची, हें ज्याला ओळखतां येत नाहीं त्यानें तपासणीचें मानधन घेऊं नये.

इतका वेळ कोणाजवळ आहे, असें विचारलें जाईल. पदवीच्या प्रवेशाचा निर्णय म्हणजे त्या मुलीच्या चार वर्षांचा निर्णय. तिच्या चार कागदांस पंधरा मिनिटें देणें जड वाटत असेल, तर प्रवेश चिठ्ठ्या टाकून द्यावे. त्यांत निदान परात काढण्याची सक्ती तरी नसेल.