डोक्यावर विग असू द्या, धाक नको

आमच्या ओळखीच्या एका ताईंना स्तनाचा कर्करोग झाला. केमोथेरपी सुरू झाली आणि दोन-अडीच आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. मुलाने पैसे जमवून विग आणला. पहाटे पाणी भरायला उठल्यावर ताई तो डोक्यावर चढवत, तो रात्री दिवा मालवल्यावरच उतरवत. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, महिना एप्रिलचा. दार दिवसभर उघडे, शेजारीण केव्हा डोकावेल याचा नेम नाही. आठ दिवसांत डोक्यावर घामोळे उठले, खाजवून फुटले, पू झाला. ताप आला आणि केमोची पुढची तारीख लांबली.

घरचे म्हणाले, विगच वाईट निघाला. आम्ही अनेक वर्षे वॉर्डात काम केले, आता वस्त्यांत करतो. आमचे मत वेगळे आहे. विग वाईट नव्हता. तो दिवसभर उतरवू न देणारी लाज वाईट होती.

काही जण म्हणतात, जीव वाचतोय ना, मग केसांचे काय घेऊन बसलात? पण आपल्या बाया चार घरची धुणीभांडी करतात. डोके बोडके दिसले की मालकीणबाई कामावर ठेवील की नाही, ही भीती खोटी नाही. विग हा नखरा नव्हे. जिला हवा तिच्यासाठी तो उपचाराइतकाच गरजेचा आहे. म्हणून तो नीट वापरायला शिकले पाहिजे.

सगळ्याच केमोने केस जात नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. जाणार असतील तर अगोदरच ट्रिमरने बारीक कापून घ्या. वस्तरा नको. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा एवढीशी चीरही चिघळते. केस गेल्यावर डोक्याचे माप थोडे कमी भरते, म्हणून मागे पट्टा असलेला विग घ्या. पट्टा इतकाच आवळा की एक बोट सहज आत जाईल. कपाळावर वळ उठत असेल तर तो घट्ट आहे. केमो चालू असताना गोंद किंवा चिकटपट्टी लावून विग बसवू नका.

विगची जाळी उघड्या कातडीवर घासली की खाज सुटते. आत सुती टोपी घाला. जुन्या सुती साडीचे, बाळाच्या टोपड्यासारखे टोपडे घरीच शिवता येते. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे टोचणार नाही. अशी दोन-तीन टोपडी असू द्या आणि घामेजले की बदला.

डोके रोज कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. चोळू नका, टिपून कोरडे करा. रात्री विग काढल्यावर खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. डोक्याला रेडिएशन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका. केस लवकर यावेत म्हणून कांद्याचा रस, लिंबू, लसूण कोणी सुचवले तरी नको. नाजूक कातडी त्याने भाजते.

स्वस्त विग बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो. उन्हाळ्यात रोज वापरात असेल तर आठवड्यातून एकदा गार पाण्यात थोडा शाम्पू घालून बुचकळा. पिळू नका, ओला असताना विंचरू नका. पालथ्या कळशीवर ठेवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. स्वयंपाक करताना तो डोक्यावर नकोच. गॅसच्या धगीने आणि कुकरच्या वाफेने धागा आकसतो, ज्वाळेने पेटूही शकतो.

एकमेकींचा विग, टोपडे, कंगवा वापरू नका. उवा आणि गजकर्ण त्यातूनही पसरू शकतात. डोके लाल झाले, फोड आले, पू दिसला तर विग बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. केमोच्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता, रात्री असेल तरी, दवाखाना गाठा. विग परवडत नसेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना विचारा. दान केलेल्या केसांचे विग काही संस्था मोफत देतात.

आता मूळ मुद्दा. हे सगळे पाळूनही विग रोज काही तास उतरला नाही तर कातडीला वारा लागत नाही. आणि तो घरात उतरवता येणे हे एकट्या ताईच्या हाती नाही.

बाईच्या बोडक्या डोक्याला अशुभ कोणी ठरवले, हे आपण विसरू नये. विधवांचे सक्तीने केशवपन होत असे. त्याविरुद्ध 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनीच संप केला. आपल्या भिक्खुणी तर मुंडण करून सन्मानाने वावरतात. मग आजाराने केस गेलेल्या बहिणीने आपल्याच घरात तोंड का लपवावे?

म्हणून घरच्यांना आमचे सांगणे एवढेच. ती कामावरून आली की विग काढून ठेवायला खुंटी द्या, दाराला पडदा लावा. पोरांना आधीच समजावून सांगा. शेजारणींनी आत येण्यापूर्वी हाक मारावी आणि आत आल्यावर डोक्याकडे टक लावून पाहू नये. विग घालायचा, रुमाल बांधायचा की तसेच फिरायचे, हे तिचे तिला ठरवू द्या.

बहुतेकींचे केस केमो संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. तोवर तिला घरात मोकळ्या डोक्याने बसू द्या.