ठेल्यावरचा पत्ता

इतवारीत राहणाऱ्या माणसाला गजराचे घड्याळ लागत नाही. ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरची आरोळी कानी पडली की समजावे, चार वाजले. पाठोपाठ ठेल्यांची खडखड सुरू होते आणि गहू, गूळ, मिरच्या हमालांच्या पाठीवरून ओळीओळीत जाऊ लागतात. हे हमाल रात्री राहतात कुठे, हा प्रश्न मला तीस वर्षांत कधी पडला नाही. पडला तो यंदा गणपती उठल्यावर, आणि तोही एका अर्जावर सही करून झाल्यावर.

अर्ज आमच्या गल्लीचा. मजकूर मोठा सोज्ज्वळ होता: ओट्यांवर रात्री निजणाऱ्यांमुळे अस्वच्छता होते, लेकीबाळींना संकोच वाटतो, सणापूर्वी बंदोबस्त व्हावा. अकरा सह्यांत माझी चौथी. आठ दिवसांनी पहाटे गाडी आली आणि समोरचा ओटा रिकामा झाला. मला बरेच वाटले, खोटे कशाला सांगू!

दोन दिवसांनी गव्हाची पोती आणायची होती. नेहमीचा ठेलेवाला भेटला तो रिकाम्या हातांनी.

“काहो भाऊ, ठेला कुठे?”

“नेला जी काकाजी. गाडीत टाकला. गठुडं त्यातच होतं. आधार कार्ड, बँकेचं बुक, पोरीच्या शाळेचा कागद.”

“अहो, मग निवाऱ्यात का नाही झोपत?”

“गेलो होतो ना एक डाव. ठेला आत घेत नाहीत. बाहेर ठेवला तं चाकं जातेत. अन् चारचा ट्रक चुकला तं दिवस गेला.” मग थोडे थांबून म्हणाला, “कोणीतरी अर्ज देल्ला म्हनते.”

मी उगीचच पिशवीतले सामान पुन्हा मोजू लागलो.

त्या रात्री वकील मित्राकडून ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आणून वाचला. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याचे जाहीर केले होते, तेही ऐन पावसाळ्यात. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचाही हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नव्हे, काम तिथे जवळ असते म्हणून. पालिका म्हणत होती, अतिक्रमण तर उघडच आहे, मग यांचे ऐकून काय घ्यायचे? न्यायालयाने ते मानले नाही. ज्याला उठवायचे त्याला आधी कळवावे, त्याचे ऐकावे, हा नियम. न ऐकणे हा अपवाद.

वाचून मी खूश झालो. पण पुढची पाने वाचताना चष्मा पुसावा लागला. नोटिशीवाचून हटवण्याची मुभा देणारे 1888 च्या कायद्यातील 314 वे कलम वैधच ठरले होते. फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाच नाही, असेही ठरले. सुनावणीचे म्हणाल, तर ती आमच्यापुढेच पुरेशी झाली, असे न्यायालयाने म्हटले. मात्र 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत कुणाला हलवू नये, म्हणजे पाऊस तरी टळेल. मुदत संपली ती अगदी दिवाळीच्या तोंडावर!

आपल्या नागपूरचेही सांगतो. मार्च 2023 मध्ये जी-20 च्या निमित्ताने पाहुणे यायचे होते, तेव्हा पोलिसांनी 144 कलमाखाली चौकाचौकांतल्या भीक मागण्यावर बंदी घातली. पाहुणे आले की घरातली अडगळ माळ्यावर टाकावी, तसे. याउलट 2008 साली दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयाने जोहान्सबर्गच्या पालिकेला बजावले की, पडक्या इमारतींतल्या लोकांना काढण्यापूर्वी त्यांच्याशी बसून बोला. आमच्या गल्लीतले आम्ही अकराजण त्या ओट्यापासून वीस पावलांवर राहतो. आमच्यापैकी एकही बोलला नव्हता.

ठेलेवाल्याबरोबर मीच मग जप्तीचा माल ठेवतात तिथे गेलो. ठेला ढिगात सापडला, गठुडे नाही. फॉर्ममध्ये ‘पत्ता’ असा रकाना होता. तो माझ्याकडे पाहू लागला. मी आमचा घर क्रमांक लिहिला आणि पुढे ‘समोरचा ओटा’. कारकुनाने मान वर केली, पण खोडले नाही.

आता नवा अर्ज लिहिला आहे. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची केंद्राची योजना 2013 ची. दर लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय करावी आणि निवारा शक्यतो कामाच्या ठिकाणाजवळ असावा, असे तिच्यात होते. 2011 च्या जनगणनेत नागपूर 24 लाखांचे होते. हिशेब 2,400 जणांचा होतो. त्यांतला एक निवारा किराणा ओळीजवळ द्यावा आणि ठेले ठेवायला कुलपाचे आवार असावे, एवढीच मागणी.

पहिल्या अर्जावरच्या अकरा सह्या चहा निवायच्या आत झाल्या होत्या. या अर्जावर आजवर तीन झाल्या. त्यांतली एक आमच्या सौभाग्यवतींची, तीही आधी सगळा अर्ज दोनदा वाचून, आणि “गठुड्याचं काय झालं, ते नाही लिहिलंत?” असे विचारून.