माळ पडीक नसतो

आपल्या भागात एकाच जमिनीला तीन नावं आहेत. घरात आपण तिला माळ म्हणतो, चावडीत ती गायरान होते आणि कन्नड कागदावर गोमाळ. म्हणजे माळ हा शब्द दोन्ही भाषांनी आपापल्या घरी ठेवून घेतला आहे आणि त्यावरून अजून कुणी सीमाप्रश्न काढलेला नाही, हे नशीबच. मला खुपतं ते चौथं नाव : पडीक. देशाच्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघाले, त्यांत कितीतरी गवताळ जमिनी या एका शब्दाखाली गेल्या. एकदा हा शिक्का बसला की पुढचं सोपं असतं. तिथं कारखाना येऊ शकतो, सौरऊर्जेचा प्रकल्प येऊ शकतो, आणि यातलं काहीच आलं नाही तर जूनमध्ये खड्डे खणून रोपं तरी लावता येतात. रोपं लावणाऱ्याला कोण नको म्हणणार? झाड म्हणजे पुण्य, हे आपल्याला लहानपणापासून पाजलेलं आहे.

मी मराठी शिकवतो, वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण अथणी-रायबागकडचा माळ वीस वर्षं जाता-येता पाहतो आहे आणि त्याबद्दल मिळेल ते वाचतोही आहे. तेवढ्या भांडवलावर आज माळाची बाजू मांडतो.

गवताची खरी गंमत त्याच्या वाढण्यात आहे. आंब्याच्या रोपाचा शेंडा शेळीनं खाल्ला की रोप खुंटतं, कारण त्याची वाढ टोकाला होते. गवताचं पातं बुडाशी वाढतं. वरून खाल्लं तरी ते खालून पुढं सरकत राहतं, आपली नखं वाढतात तसं. त्यामुळे जिथं जनावरांची तोंडं फिरतात तिथं झाडोऱ्याची कोवळी रोपं मागं पडतात आणि गवताला ऊन मिळत राहतं. गवतानं जनावर पोसायचं आणि जनावरानं गवताची जागा मोकळी ठेवायची, असा हा जुना व्यवहार आहे. अट एकच. जनावरानं खाऊन पुढं जायला हवं, एका जागी ठाण मांडायचं नाही.

आता कुसळ पाहा. दिवाळीनंतर माळावरून चालून आलं की पायमोज्यांतली, लुगड्याच्या काठातली कुसळं वेचत बसावं लागतं. तो वैताग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्या बियाची करामत बघण्यासारखी असते. त्याच्या लांब शेपटीला दव लागलं की पीळ सुटतो, उन्हानं वाळली की पुन्हा पडतो. या पिळण्या-सुटण्यात टोकदार बी मळसूत्रासारखं जमिनीत उतरतं. त्याआधी ते कुणाच्या तरी लोकरीला, केसाळ पोटाला चिकटून कोसभर प्रवास करून आलेलं असतं. मेंढरू कुसळाची बैलगाडी आहे म्हणा ना. कुसळी, पवना, शेडा, मारवेल ही आपल्याकडची गवतं वैशाखात मेल्यासारखी दिसतात. त्यांचा मोठा संसार जमिनीखाली मुळांत असतो. वरची काडी वणव्यात जळाली तरी ठेवा शाबूत राहतो आणि मृगाचे चार शिंतोडे पडले की आठवड्यात माळ हिरवा होतो. पडीक जमीन असं करत नाही.

पूर्वी इथं घनदाट रान होतं, माणसानं तोडलं आणि माळ उरला, असं पुष्कळजण समजतात. काही डोंगरांच्या बाबतीत ते खरंही असेल. पर्जन्यछायेतल्या सगळ्या माळांबद्दल ते खरं नाही. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथं उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली, त्यातल्या एका तुकड्यावर तर माणसानं नक्षी कोरलेली आहे. ती सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची मानतात. शहामृग काही गर्द जंगलात राहत नाही. पुढच्या काळासाठी साक्षीदार आपल्या वाङ्मयातच आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनं मराठी वाङ्मय आणि लोकगीतं चाळून त्यांतल्या झाडांची नोंद केली गेली. पश्चिम महाराष्ट्रातली विरळ झाडांची गवताळ राने निदान साडेसातशे वर्षं जुनी आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. मला त्यावरून कान्होपात्रा आठवली. मंगळवेढ्याची ही पोर बिदरच्या बादशहाकडे जाण्याऐवजी विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडते आणि तिच्या जागी झाड उगवतं, ते तरटीचं. वड नाही, पिंपळ नाही. तरटी म्हणजे उघड्या माळावरचं काटेरी, खुजं झाड. पंढरपूरला देवळात आपण ज्याला हात जोडतो ते झाडसुद्धा माळकरीच आहे.

माळानं प्राणी कसे घडवले हे पाहायचं तर काळवीट घ्या. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत पळणारं हे जनावर. एवढं पळायचं कशाला? लांडगा तितका वेगवान नाही. जो तितका होता तो चित्ता. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे, विसाव्या शतकात तर ते आफ्रिकेहून आणावे लागले. शेवटचे रानटी चित्ते १९४७ च्या सुमारास मारले गेले आणि १९५२ साली देशातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. (२०२२ पासून मध्य प्रदेशात कुनोला पुन्हा आणले आहेत, ती वेगळी कथा.) आपलं काळवीट मात्र अजून त्या नसलेल्या चित्त्यापुढं पळतं आहे. मुधोळच्या कुत्र्याचे लांब पाय आणि खोल छातीसुद्धा याच मोकळ्या जमिनीची देणगी. झुडपांच्या रानात असलं कुत्रं काय कामाचं?

माळढोकाची गोष्ट याहून वाईट आहे. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. लांबवर दिसणं हाच त्याचा किल्ला. कन्नडमध्ये त्याला एरेभूत म्हणतात, काळ्या रानातलं भूत. हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरला तो होता. तिथल्या माळावर नीलगिरी लावली गेली. १९७४ साली अभयारण्य झालं, काळविटं वाढली, एरेभूत नाहीसं झालं. झाडं उभी राहिली आणि किल्ला पडला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तेही कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते आले. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले आणि पक्षी उगाच शत्रू ठरला. पुढं ते क्षेत्र १,२२२ वर आणलं, पण तोवर आजूबाजूला ऊस आला, विजेच्या तारा आल्या. आज देशभरात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या राज्यात बळ्ळारीच्या सिरुगुप्प्याकडे तुरळक दिसतो.

जनावरं नेहमी माळाच्या भल्याचंच करतात असंही नाही. वेडी बाभूळ, जिला कन्नडमध्ये बळ्ळारी जाली म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातली. १८७७ साली कडप्प्याच्या बाजूला आली आणि सरपणाला बरी म्हणून सर्वत्र लावली गेली. तिच्या शेंगा गोड असतात. गुजरातेत वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात असं दिसलं की काळविटाचे नर आपापली हद्द राखत एकाच ठिकाणी लेंड्या टाकतात आणि तिथंच या बाभळीचं बी साठत जातं. म्हणजे ज्या मोकळ्या अंगणात माद्यांसमोर मिरवायचं, त्याच अंगणात नर काटे पेरतो. बाहेरचं एक झाड आलं आणि हजारो वर्षांचा व्यवहार उलटा फिरला.

गेल्या हिवाळ्यात रायबागकडच्या एका धनगरमामांशी बोलत बसलो होतो. घरात त्यांची भाषा कन्नड, बाजारात मराठी, आणि मेंढरांशी बोलायची तिसरीच. खांद्यावर घोंगडं होतं. लांडग्याचा राग येत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "येतो की. पर तोळ हाय म्हणून मेंढरं एकाला एक लागून चालत्यात, मास्तर. न्हाईतर पांगत्यात आणि एकच जागा मुळापर्यंत उकरत्यात." परिसरशास्त्राची जाड पुस्तकं भक्ष्याच्या भीतीबद्दल जे सांगतात, ते मामांनी काठी न हलवता सांगितलं. पूर्वी ते चार महिने चालत असत आणि वाटेत शेतकरी मेंढ्या बसवून घ्यायला आग्रह करत, बदल्यात जोंधळे देत. आता वाटेतली तीन गायरानं बंद झाली आहेत. दोनांना कुंपण पडलं, तिसऱ्यावर रोपं लावली. त्यामुळे कळप उरलेल्या एकाच माळावर महिनाभर बसतो आणि मग लोक म्हणतात, मेंढरांनी माळ खाल्ला.

नियम पाहिला तर कर्नाटकाच्या महसूल नियमांत गावातल्या शंभर गुरांमागं बारा हेक्टर गायरान राखायचं आहे. आपल्या गावात किती गुरं आणि किती गायरान, हा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. कन्नडमध्ये मागितला तर लवकर मिळतो, हा माझा अनुभव.

यंदा आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलामुलींनी गायरानावर खड्डे खणले नाहीत. आठ दिवस वेडी बाभूळ मुळासकट काढली. नुसती तोडली तर ती दुप्पट फुटते. रोपं लावली ती गावातल्या शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला, चिंच आणि कडुनिंब. श्रावणात तिथं जाऊन आलो, तेव्हा मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मारवेल गुडघ्याला लागत होतं आणि धनगरमामांचा नातू त्यात चंडोलाचं घरटं शोधत होता. वर पाठवायच्या अहवालाच्या छापील नमुन्यात 'लावलेल्या झाडांची संख्या' असा रकाना आहे, काढलेल्या झाडांसाठी नाही. मी खाली शाईनं एक ओळ आखून तिथं ३१२ हा आकडा लिहिला आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.