पंढरपूरचा चित्रकार, दोहाचे संग्रहालय

कतारची राजधानी दोहा येथे २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांचे स्वतंत्र संग्रहालय खुले झाले. ‘लौह वा कलम’, म्हणजे फलक आणि लेखणी, असे त्याचे नाव. इमारतीची कल्पना स्वतः हुसेन यांनी २००८ मध्ये रेखाटून ठेवली होती. वास्तुरचनाकार मार्तंड खोसला यांनी ती प्रत्यक्षात आणली. एका परक्या देशाने आपल्या राजधानीत एकाच भारतीय चित्रकाराला अख्खी इमारत वाहावी, आणि तो चित्रकार सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेला असावा, ही घटना आपल्यासाठी केवळ अभिमानाची नाही. ती अवघडही आहे, म्हणूनच तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

हुसेन यांच्या आयुष्यात परदेश दोन वेगळ्या तऱ्हांनी आला. पहिला परदेश त्यांनी मागून घेतला. १९५२ मध्ये ते चीनला गेले. बीजिंगमध्ये शू बेइहोंग आणि वयोवृद्ध ची बाइशी या दोन नामवंत चित्रकारांची त्यांनी भेट घेतली. शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत धावता घोडा उभा करणे ही शू बेइहोंग यांची ख्याती. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ते स्वतः राहून गेले होते. तांग काळातील मातीचे घोडेही हुसेन यांनी डोळ्यांत साठवले. पुढच्याच वर्षी युरोप घडला आणि इटलीत मारिनो मारिनी यांच्या शिल्पांतील घोडे भेटले. लहानपणी मोहरमच्या मिरवणुकीत पाहिलेला दुलदुल मनात होताच. आज ज्याला आपण सहजपणे ‘हुसेनचा घोडा’ म्हणतो, त्याच्या अंगात एवढ्या मुलखांचे रक्त आहे. सोलापूरकरांना चीन म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. कोटणीस १९३८ मध्ये तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यानंतर दहाच वर्षांनी याच जिल्ह्यातला दुसरा माणूस तेथे पोहोचला, हा योगायोग मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या प्रवासाचे फलित काय? ते चिनी चित्रांची नक्कल करीत परतले नाहीत. १९५४ मध्ये त्यांनी ‘ग्रामयात्रा’ हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र रंगविले. त्यात भारतीय खेड्यातील जगण्याचे तेरा प्रसंग आहेत. विषय पूर्णपणे इथला. पण रेषेचा वेग आणि मोजकेपणा पाहिला की बीजिंगची आठवण होते. मथुरेची शिल्पे आणि बसोलीची लघुचित्रे त्यांनी १९४८ मध्येच दिल्लीत अभ्यासली होती, त्यामुळे घरचा पाया पक्का होता. परसंस्कृती पचवायची तर स्वतःची चव आधी ठाऊक असावी लागते. हे चित्र त्याच वर्षी देशाबाहेर गेले, ओस्लोच्या एका रुग्णालयात अनेक दशके राहिले आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. वृत्तपत्रांनी आकडा ठळक छापला. चित्रावर मात्र त्या मानाने थोडेच लिहिले गेले.

दुसरा परदेश वाट्याला आला. देवतांच्या चित्रांवरून १९९६ मध्ये वाद पेटला, घरावर हल्ला झाला, ठिकठिकाणी खटले दाखल झाले आणि २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ज्यांना ती चित्रे खुपली ते सगळेच आडदांड होते, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. अनेकांचे दुखणे प्रामाणिक होते. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी खटले रद्द केल्यावरही नव्वदी ओलांडलेल्या या माणसाला परतण्याचा भरवसा वाटू नये, ही नामुष्की व्यवस्थेची होती. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

दोहात त्यांनी शेखा मोझा यांच्या सांगण्यावरून अरब संस्कृतीवर चित्रमालिका हाती घेतली. संकल्प ९९ चित्रांचा होता. तो अपुरा राहिला. या चित्रांत भव्यता आहे, रंगांचा जोम ओसरलेला नाही. तरीही प्रस्तुत लेखकाला ‘ग्रामयात्रे’तला ताण त्यांत सापडत नाही. तेथे इतिहास सांगितला जातो, दिसतोच असे नाही. यजमानाच्या घरी बसून यजमानाचे गुणगान करताना कोणत्याही कलावंताची रेष थोडी सावध होत असावी. घोडा आला की ती पुन्हा मोकळी होते, हे विशेष. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या ‘सीरू फि अल अर्द’ या त्यांच्या अखेरच्या मोठ्या रचनेतही काचेचे घोडे आहेत.

हुसेन यांच्या आईचे निधन ते तान्हे असताना झाले. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, आणि मदर तेरेसांच्या चित्रांतील चेहराविरहित स्त्रीचे मूळ ते स्वतः त्या आठवणीत सांगत. नऊवारी नेसणारी ती आई त्यांच्याबरोबर कोलकात्याहून दोहापर्यंत गेली.

डॉ. कोटणीसांचे स्मारक सोलापुरात आहे आणि चिनी पाहुणे तेथे आवर्जून येतात. दोहाचे संग्रहालय पाहून उद्या कोणी पंढरपूरचा रस्ता विचारीत आला, तर त्याला काय दाखवायचे, याचा विचार नगरपालिकेने आणि जिल्ह्यातील कलाशिक्षकांनी आताच सुरू करावा. मूळ चित्रे परवडणारी नाहीत. पण उत्तम प्रतिकृती, ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या १९६७ मधील त्यांच्या लघुपटाचा एखादा खेळ आणि वादाची बाजूही न लपवणारी माहिती, एवढे एका खोलीत मावते.