लुप्त शब्द कोणाचे?

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचारातून गेलेल्या शब्दापुढे कट्यारीच्या आकाराची एक लहानशी खूण छापावयाची, ही त्या कोशाची रीत आहे. मुद्रणात हीच खूण दिवंगत व्यक्तींच्या नावांपुढेही घालतात. ती पाहून वाचक शब्द मेला असे समजतो आणि पुढे जातो. इंग्रजीच्या वाचकापुरते हे ठीकच आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला मात्र इतक्या सहजपणे पुढे जाता येणार नाही. इंग्रजीतून गेलेले, किंवा ‘ऐतिहासिक’ असा शेरा मिळून अडगळीत पडलेले कितीतरी शब्द मराठी, कन्नड, तेलुगू या भाषांत आजही नित्याच्या वापरात आहेत. इंग्रजीत जाण्यापूर्वी ते काय होते, इंग्रजीत त्यांचे काय झाले आणि इंग्रजीने सोडल्यावर त्यांचे काय उरले, हा इतिहास इंग्रजी कोशातून अर्धाच कळतो. उरलेला अर्धा लिहिण्याची जबाबदारी भारतीय भाषांच्या अभ्यासकांची आहे. आणि ती अद्याप पार पडलेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

अशा शब्दांचा प्रवास पाहावयाचा तर बंगळूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. १५३७ मध्ये केंपेगौडाने वसविलेले हे नगर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा अनेक भाषांत रचलेला ग्रंथ शहाजीराजांच्या येथील दरबाराचे चित्र रेखाटतो. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रकाशात आणला. सतराव्या शतकाच्या अखेरीस नगर मैसूरच्या वोडेयरांकडे गेले. १७६१ मध्ये हैदरअलीने येथील किल्ला दगडी बांधून काढला, १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने तो जिंकला आणि १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी येथे आली. प्रत्येक राजवटीबरोबर कारभाराची एकेक भाषा या नगरात शिरली. त्या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदल्या आणि त्यांनी एकमेकींचे शब्द वापरले.

यांतील सर्वांत बोलका शब्द ‘पेट्टा’ हा होय. अठराव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या युद्धवृत्तान्तांत तो पदोपदी आढळतो. ७ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने प्रथम बंगळूरचा पेट्टा घेतला आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला घेतला. किल्ल्याच्या तटाबाहेरची, बहुधा स्वतःचा वेगळा कोट असलेली वस्ती, असा या शब्दाचा इंग्रजीतील अर्थ. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याचे मूळ तमिळ ‘पेट्टै’ असे दिले असून, मराठीत ‘पेठ’ याच तऱ्हेने वापरतात, अशी पुस्ती जोडली आहे. १९०३ च्या आवृत्तीत संपादक विल्यम क्रुक यांनी चौकटी कंसात आणखी एक शक्यता नोंदविली: शब्दाचे मूळ संस्कृत ‘पेटक’ असावे आणि तमिळमध्ये तो कदाचित मराठीतून गेला असावा. एका चौकटी कंसात दोन भाषाकुलांतील देवघेवीचा मोठा प्रश्न असा अनुमानावर सोडून दिलेला आहे. तो सोडविण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे कन्नड व तमिळ शिलालेखांतील आणि मराठी कागदपत्रांतील कालानुक्रमे लावलेले दाखले, त्या कोशकारांच्या हाताशी नव्हती.

व्युत्पत्तीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो अर्थातील पालट. मराठीत पेठ ही मुळात बाजाराची वस्ती. ती वसविताना येणाऱ्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना करांत सवलत मिळे, तिच्यावर शेटे आणि महाजन हे वतनदार असत. पुण्यातील पेठा कोठे वाराच्या नावाने, तर कोठे व्यक्तीच्या नावाने ओळखल्या जातात. बंगळूरच्या पेट्यांची नावे मालावरून पडलेली आहेत: अक्कीपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची. दोन्हीकडे शब्दाच्या केंद्रस्थानी देवघेव आहे. इंग्रजी ‘पेट्टा’च्या केंद्रस्थानी मात्र किल्ला आहे. ज्या नजरेने हा शब्द उचलला ती तोफखान्याची नजर होती. तिला बाजार दिसला तो किल्ल्याच्या वाटेवरचा अडथळा म्हणून. पुढे युद्धे संपली, छावणी वसली आणि इंग्रजी बोलीत ‘सिटी’ व ‘कॅंटोन्मेंट’ अशी नवी जोडी रूढ झाली. किल्ल्याचे लष्करी महत्त्व गेले, तसे ‘पेट्टा’ या शब्दालाही काम उरले नाही. कोलंबोच्या एका भागाचे नाव म्हणून तो तेवढा आजही टिकून आहे. पेठ आणि पेटे यांना मात्र काहीच झाले नाही, कारण बाजार बंद झाला नव्हता.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. इंग्रजी युद्धवृत्तान्ताचे मराठी भाषांतर करणारा ‘पेट्टा’साठी ‘उपनगर’ असा शब्द योजतो, तेव्हा नगराचे मूळ केंद्र त्याच्या परिघावर जाऊन पडते. केंपेगौडाच्या बंगळुरात पेटे हेच नगर होते. एका परक्या सैन्याचा नकाशा भाषांतराच्या वाटेने असा मराठी वाचकाच्या डोक्यात शिरतो आणि तो स्वतःच्याच भाषेतील पेठेला ओळखत नाही.

‘कचेरी’ या शब्दाची कथा निराळी आहे. इंग्रजीने ‘कचरी’ असा उच्चार करून तो न्यायालय व सरकारी कार्यालय या अर्थांनी वापरला. टिपू सुलतानाच्या कारभारात याच शब्दाला विशेष अर्थ होते, याची नोंद ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये आहे: मुलकी व्यवस्थेत खाते, आणि लष्करात पायदळाचा मोठा विभाग. हे अर्थ टिपूच्या राज्याबरोबर संपले. १८६४ ते १८६८ या काळात बंगळुरात सरकारी कार्यालयांसाठी तांबड्या रंगाची जी भव्य इमारत उभी राहिली तिला तिच्यातील अठरा खात्यांवरून ‘अठारा कचेरी’ हे नाव मिळाले. तेथे आता कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. मराठीत मामलेदार कचेरीपासून तहसील कचेरीपर्यंत हा शब्द सरकारी उंबरठ्याशी बांधलेला राहिला. दक्षिणेकडील संगीतात कचेरी म्हणजे गायन-वादनाची बैठक. एकाच शब्दाने एका भाषेत अर्जदाराला ताटकळत ठेवावे आणि दुसरीत रसिकाला बसवून घ्यावे, ही गोष्ट कोणत्याही इंग्रजी कोशाच्या कक्षेत बसणारी नाही. दोन्ही अर्थांच्या मुळाशी असलेली ‘लोक जमण्याची जागा’ ही कल्पना भारतीय भाषा शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हाती लागत नाही.

‘टपाल’ या शब्दाने तर कोशकारांना चांगलेच चकविले. उत्तरेत ‘डाक’ आणि दक्षिण व पश्चिम भारतात ‘टप्पाल’, अशी इंग्रजांच्या बोलीत विभागणी होती. मूळ अस्पष्ट, असा यूल-बर्नेल यांचा निर्वाळा. तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राउन यांनी मुक्कामाचे ठिकाण या अर्थाच्या फ्रेंच ‘एताप’ शब्दाकडे बोट दाखविले. बीम्स यांनी छाप मारण्याचे घर अशी आर्यभाषिक उपपत्ती मांडली. मराठी वाचकाला मात्र या वादात एक साधी गोष्ट खटकते. ‘टप्पा’ म्हणजे प्रवासातील मजल, हा शब्द त्याच्या रोजच्या भाषेत आहे, आणि पूर्वी जासुदांकडून पत्रे जात ती टप्प्याटप्प्यानेच. यावरून व्युत्पत्ती सिद्ध होते असे नाही. समान ध्वनी हा पुरावा नव्हे. पण कोणत्या भाषेत, कोणत्या साली, कोणत्या प्रकारच्या पत्रात हा शब्द प्रथम दिसतो, हे पाहिल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही. लोकांच्या तोंडच्या इंग्रजीतून ‘टप्पाल’ गेला असला तरी दक्षिणेतील सरकारी कार्यालयांच्या इंग्रजीत आवक पत्रव्यवहाराला अजून तेच नाव आहे. लुप्ततेलाही प्रदेश असतो आणि वर्ग असतो, एवढे तरी त्यावरून दिसून येते.

प्रवास उलट दिशेनेही झाला. लहानसा घोट घेणे या अर्थाचे ‘टिफ’ हे क्रियापद इंग्लंडच्या बोलीत होते. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या ग्राम्य शब्दांच्या कोशात ‘टिफिंग’ म्हणजे जेवणाच्या वेळेखेरीज खाणेपिणे, अशी नोंद आहे. इंग्लंडात हा शब्द विरत गेला. भारतात ‘टिफिन’ होऊन तो साहेबाच्या दुपारच्या हलक्या जेवणाला चिकटला. साहेब गेला, पण शब्द राहिला आणि त्याच्या दोन वाटा झाल्या. बंगळुरात १९२४ पासून चालत आलेल्या आणि पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या उपाहारगृहाच्या नावात टिफिन म्हणजे इडली-डोशासारखी न्याहारी. मुंबईत टिफिन म्हणजे डबेवाला पोचवितो तो डबा, म्हणजे पदार्थ सोडून भांडेच. ज्या शब्दाला इंग्लंडने टाकून दिले त्याचे पुढचे चरित्र कन्नड आणि मराठी समाजांत घडले. त्याला इंग्रजी म्हणावयाचे की भारतीय, या प्रश्नात फारसा अर्थ नाही. त्याचे चरित्र कोण लिहिणार, हा प्रश्न मात्र खरा आहे.

येथे एका मोहाविषयी सावध राहावयास हवे. इंग्रजी शब्दाचे मूळ आपल्या भाषेत सापडले की आनंद होतो, आणि त्या आनंदात पुरावा मागे पडतो. बंगळूरच्या इंग्रजीत तलावाला ‘टॅंक’ म्हणण्याची रीत आहे. १८८२ मध्ये बांधलेला सॅंकी टॅंक त्याच नावाने प्रसिद्ध आहे. हा शब्द गुजराती-मराठीतील ‘टांके’ किंवा ‘टाके’ यापासून आला, असे एक मत. पोर्तुगीज ‘तांके’पासून आला, असे दुसरे. पोर्तुगीज शब्दालाही स्वतःचा लॅटिन पूर्वेतिहास आहे. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर दोन सारख्या ध्वनींचे, सारख्या अर्थांचे शब्द एकमेकांस भेटले आणि एकमेकांचे बळ वाढवून इंग्रजीत शिरले, हे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे १९१५ मध्ये इंग्रजांनी आपल्या नव्या युद्धयंत्राचे गुपित राखण्यासाठी ‘टॅंक’ हे सांकेतिक नाव निवडले आणि पाण्याचा शब्द पोलादाचा झाला. मराठीने त्याच्यासाठी ‘रणगाडा’ असा स्वतंत्र शब्द घडविला आणि टाके गडावरच्या कातळातच राहू दिले. अशा शब्दाची मालकी सांगण्यात अभिमान मिळेल, ज्ञान मिळणार नाही.

हे ज्ञान मिळविण्याची साधने मराठीत आहेत. पण ती विखुरलेली आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झाला. कृ. पां. कुलकर्णी यांनी व्युत्पत्तिकोश दिला, य. न. केळकर यांनी ऐतिहासिक कागदपत्रांतील शब्द संकलित केले. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश आधारांसह अर्थ देतो, पण तो चौदाव्या शतकाच्या मध्याशी थांबतो. पेठ, कचेरी, टपाल या शब्दांचा निर्णायक काळ त्यानंतरच सुरू होतो. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरील कोश १९४८ पासून सिद्ध होत आहे. त्याच तत्त्वावर चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या मराठीचा, प्रत्येक अर्थाला सालवार दाखला देणारा कोश झाल्याखेरीज क्रुक यांच्या चौकटी कंसातील अनुमानाला मराठीकडून उत्तर देता येणार नाही.

हे काम अवाढव्य आहे, हा आक्षेप खरा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद वाचू शकणारे हात थोडे आहेत, आणि कन्नड-तमिळ दाखले जोडून पाहणारे त्याहून थोडे. परंतु संपूर्ण कोशाची वाट पाहण्याचे कारण नाही. बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरातील विद्यापीठीय विभागांनी कारभाराचे आणि बाजाराचे पन्नास शब्द निवडावेत, कन्नड, मराठी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी जाणणाऱ्या अभ्यासकांनी ते एकत्र बसून तपासावेत आणि प्रत्येकाचे सालवार चरित्र भारतीय भाषांतूनच प्रसिद्ध करावे. तुलनात्मक साहित्याचा अभ्यास आजवर बहुधा कवी आणि कृती यांच्यावर प्रभाव शोधीत राहिला. प्रभावाची सर्वांत जुनी आणि सर्वांत विश्वसनीय नोंद शब्दांत आहे. ती वाचावयाची तर इंग्रजी कोशाने जेथे कट्यार ठेवली आहे, तेथूनच आरंभ करणे सोयीचे ठरेल.