सिकलसेल : संशोधन नागपूरचे, परीक्षा महाविद्यालयांची

सावरगावचे नाव वृत्तपत्रांत बहुधा वर्षातून एकदाच येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, गोटमार होते, जखमींचा आकडा येतो आणि बातमी संपते. पांढुर्णा व सौंसर हे मराठी बोलणारे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, याचीही आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. या परिसराचे एक दुखणे मात्र एका दिवसात मोजून होण्यासारखे नाही. ते म्हणजे सिकलसेल.

या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे फुटून निघावेत अशा वेदना उठतात. सातपुड्यातील आदिवासी समाजांत आणि विदर्भातील अनेक दलित व मागास जातींत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्येच झाली होती. उपचाराला पुढे कित्येक दशके लागली.

अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगावरचे औषध घेणाऱ्यांत वेदनांच्या झटक्यांचा वार्षिक मध्यक अडीच राहिला, ते न घेणाऱ्यांत तो साडेचार होता. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून हे औषध काम करते. पण आपल्या मुलांना ते किती द्यायचे, कमी मात्रेने भागेल काय, हे प्रश्न येथेच सोडवावे लागणार होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी आजार तीव्र असलेल्या मुलांवर नियंत्रित चाचणी केली. वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या स्थिर, कमी मात्रेनेही झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते, असा तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सावरगावपासून सुमारे शंभर किलोमीटरवर झालेले हे काम आहे. त्यानंतर जगात बरेच घडले. व्हॉक्सेलोटर हे गाजलेले औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच मागे घेतले. जनुक-संपादनाच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याची किंमत २२ लाख डॉलर. पांढुर्ण्याच्या रुग्णाला आज आधार आहे तो त्या जुन्या कॅप्सूलचाच.

ही कॅप्सूल रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ठरावीक काळाने रक्तपेशींची तपासणी लागते. गर्भधारणेच्या काळात ती टाळायची असते, म्हणून तरुण वयात डॉक्टरांशी मोकळे बोलणे लागते. मूल शाळेत असते तोवर हे सारे आई सांभाळते. बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी नागपूरला, छिंदवाड्याला खोली घेऊन राहते आणि नेमकी तेथे साखळी तुटू शकते. पाकिटावरचा ‘कर्करोग’ हा शब्द खोलीतल्या सोबत्याने वाचला तर काय, ही भीती चाचण्यांच्या तक्त्यांत कोठेच दिसत नाही.

झटका थंडीने, शरीरातील पाणी कमी झाल्याने, अतिश्रमाने वा संसर्गाने उठू शकतो. म्हणजे वसतिगृहातले गार पाणी, मैदानावरची सक्तीची कवायत आणि स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी विद्यार्थिनी, हे सगळे उपचाराच्याच कक्षेत येते. त्यात बहुतेक विद्यापीठांची ७५ टक्के हजेरीची अट. वर्षात चार झटके आले आणि प्रत्येकी आठवडा गेला, तर जवळपास महिन्याची गैरहजेरी होते. ती वैद्यकीय रजेत धरायची की नाही, हे प्राचार्यांच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही.

कायदा तसे सोडतही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. आणि आज ठणठणीत, उद्या अंथरुणात अशा आजाराचे टक्के ठरवणे अवघडच. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लेखनिकासारख्या वाजवी सोयींसाठी त्या ४० टक्क्यांची अट घालता येत नाही. महाराष्ट्रात सिकलसेलग्रस्तांना परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा मिळतात. सीमेपलीकडच्या विद्यार्थ्याने यातले काय मागायचे आणि कोणाकडे, हे सांगणारी खिडकी महाविद्यालयात असायला हवी. प्रवेशाच्याच दिवशी ती उघडली पाहिजे, पहिल्या झटक्यानंतर नव्हे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चे लक्ष्य ठरले. तपासणीचे आकडे जाहीर होतात, ते स्वागतार्हच. मात्र तपासणीत सापडलेल्यांपैकी किती तरुण वर्षभरानंतर औषध घेत आहेत, आणि किती जण पदवी पूर्ण करतात, हा आकडाही तितक्याच ठळकपणे मागितला पाहिजे. महाविद्यालयांतील तपासणी शिबिरांबाबत आणखी एक पथ्य हवे. वाहक हा रुग्ण नव्हे. दोन्ही जोडीदार वाहक असतील तरच प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वर्गासमोर कार्डे वाटली, तर विशेषतः मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत त्यांचा वापर कसा होईल, हे वेगळे सांगायला नको.

मोहिमेच्या १७ राज्यांत गोवा नाही. दिव्यांग हक्क कायदा मात्र पणजी-मडगावच्या महाविद्यालयांनाही पांढुर्ण्याइतकाच लागू आहे, आणि शिक्षणासाठी राज्याबाहेरून येणारा विद्यार्थी आपला आजार सीमेवर ठेवून येत नाही. नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशअर्जात दिव्यांगत्वाच्या रकान्याखाली रक्ताच्या आजारांचा उल्लेख ठळक करायला आणि संपर्कासाठी एका प्राध्यापकाचे नाव छापायला वेगळा निधी लागणार नाही.